पोटाला हात लावायचा नाही

माझी माय बेंबी बसवायची. ज्याचं पोट दुखे, ज्याला घासभर खाल्लं की मळमळे, जो ओझं उचलताना वाकडा झालेला असे, तो सकाळी उपाशीपोटी आमच्या दारात येऊन उभा राही. माय त्याला ओसरीवर उताणं निजवायची आणि दोरा घ्यायची. बेंबीपासून उजव्या छातीपर्यंत एक माप, डाव्या छातीपर्यंत दुसरं. दोन्ही सारखी भरली तर तुझी बेंबी जागेवर आहे, काहीतरी उलटंसुलटं खाल्लं असशील, असं सांगून परत पाठवायची. बोटभर फरक निघाला की बेंबी सरकली. मग गोडं तेल आणि तिचा अंगठा. तो अंगठा कुठून कुठे फिरवायचा ते तिचं तिलाच ठाऊक. शेवटी पोटावर पिठाचा दिवा ठेवून त्यावर तांब्या पालथा घालायची. दिवा विझे, तांब्या पोटाला घट्ट धरून बसे. तो आपोआप सुटला की माणूस उठे आणि घरी जाऊन भाकरी खाई.

जानेफळपासून तासभर चालायच्या अंतरावर आमचं गाव. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. वरच्या आळीतल्या ज्या बाया आमच्या घरचं पाणी प्यायच्या नाहीत, त्याही मागच्या वाटेने यायच्या आणि मायसमोर पोट उघडं करून पडायच्या. घरी जाऊन अंघोळ करत असतील. मी कधी विचारलं नाही, पण लहानपणी त्यांचा मला फार राग यायचा. मायला मुळीच यायचा नाही. पोट दुखायला लागलं की सगळ्यांचं तोंड सारखंच होतं, असं ती म्हणायची.

धर्म बदलला त्या वर्षी बाने घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले. ताईत गेले, अंगारे गेले, कोंबडं कापणं गेलं. मायच्या बेंबीचं काय, हा प्रश्न तेव्हा वस्तीतल्या तरुण मंडळींनी काढला होता. बाने निकाल दिला, की ही देवाची गोष्ट नाही, हाताची आहे. तिने तोंडाने काही पुटपुटायचं नाही, एवढीच अट घातली. बा मलकापूरला एका जिनिंगमध्ये इंजिनला तेल घालायचा. दिवाळीनंतर कापसाचा हंगाम सुरू झाला की जायचा, तो उन्हाळ्याच्या तोंडाला परत यायचा. इंजिन कुठे कुरकुरतंय ते त्याला नुसत्या आवाजावरून कळायचं. मायचा हातही त्याला त्याच जातीचा वाटत असावा.

त्यांची मी एकटीच उरलेली. माझ्या आधीची दोन गेली. बाने मला शिकवलं, मी मास्तरीण झाले. महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती, जिल्हा परिषदेची शाळा नवी होती आणि मीही नवी होते. डोक्यावर पदर, हातात छत्री, आणि अंगात शहाणपण जरा जास्तच.

त्या हंगामात मलकापूरहून निरोप आला की बा आजारी आहे, येऊन घेऊन जा. मी गेले तर बा जिनिंगच्या फाटकापाशी दगडावर बसलेला. चार महिन्यांत माणूस निम्मा झाला होता. सदरा खुंटीवर टांगल्यासारखा खांद्यांवरून लोंबत होता. डोळे पिवळट. उजव्या बरगडीखाली ओढल्यासारखं होतं, जेवण जात नाही, म्हणाला. तिथल्या डॉक्टरने पोट दाबून पाहिलं आणि हात मागे घेतला. नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा, चिठ्ठी देतो, म्हणाला. आम्ही घरी न जाता तसेच मलकापूरहून गाडीत बसलो. बाला आगगाडीचं इंजिन बघायचं होतं, म्हणून अकोल्याला उतरून पुढपर्यंत जाऊन आला. येताना धाप लागली होती.

नागपूरला आठ दिवस गेले. नवव्या दिवशी मोठ्या डॉक्टरांनी मला एकटीला खोलीत बोलावलं. घरात कुणी पुरुषमाणूस नाही का, असं आधी विचारलं. नाही म्हटल्यावर बसायला सांगितलं. यकृतात गाठ आहे, कॅन्सरची, आणि कापून काढता येईल अशी राहिलेली नाही. हे ते हळू आवाजात बोलले. मी शहाण्यासारखी मान हलवत होते. मग त्यांनी जे सांगितलं ते मात्र त्यांनी दोनदा सांगितलं.

"गाठ अगदी वरवर आहे आणि रक्तानं भरलेली आहे. त्यांच्या पोटाला कुणाचा हात लागू देऊ नका. दाबणं नाही, चोळणं नाही. फुटली तर पोटात आतल्या आत रक्त जाईल."

बाहेर काही दिसणार नाही का, मी विचारलं. एक थेंबही दिसणार नाही, ते म्हणाले. तोंड एकदम पांढरं पडेल, घाम येईल तो थंड येईल, पोट ताठ होत जाईल, आणि कदाचित उजवा खांदा दुखेल. खांदा का, ते मला समजलं नाही. आतल्या रक्ताने वरचा पडदा दुखावतो आणि ते दुखणं खांद्यात जाणवतं, असं त्यांनी कागदावर काढून दाखवलं. तो कागद मी घडी घालून पोलक्यात ठेवला, जसा काही कुणी हिसकावून नेणार होतं.

जिन्यावर बा बसला होता. काय म्हणाला डाक्टर, त्याने विचारलं. यकृताला सूज आहे, मी म्हटलं. औषधाने उतरेल, पण वेळ लागेल. बाने माझ्याकडे पाहिलं आणि चहा पिऊ म्हणाला.

त्या काळी असंच होतं. अशा आजाराचं नाव आजाऱ्याच्या कानावर पडू द्यायचं नाही, पडलं की माणूस हाय खातो. आणि मायला सांगितलं तर ती रडणार, ती रडली की वस्ती गोळा होणार, वस्ती गोळा झाली की बाला कळणार. मी असा हिशेब केला आणि मला तो बिनचूक वाटला. गाडीत नागपूरपासून मलकापूरपर्यंत मी एकच गोष्ट ठरवत होते, मायला काय सांगायचं.

तेव्हाच, बडनेऱ्याच्या आसपास, मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. बाचं पोट दुखतंय हे कळल्यावर माय पहिली गोष्ट काय करणार, हे मला लख्ख दिसलं. उद्या सकाळी ती दोरा घेणार.

घरी पोचलो तेव्हा झालंही तसंच. माय सूज, औषध हे सगळं ऐकून घेत होती, पण तिची नजर बाच्या पोटावर होती. मलकापूरला जड उचलताना सरकली असेल, सकाळी पाहते, म्हणाली. मी तिला चुलीपाशी नेऊन बजावलं, की बाच्या पोटाला हात लावायचा नाही. का, तिने विचारलं. आणि मी, मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी बाई, म्हणाले, डॉक्टरांनी सांगितलंय, त्यांना हे अडाणी प्रकार चालत नाहीत.

अडाणी हा शब्द मी वापरला. तो डॉक्टरांचा नव्हता, माझा होता. मायने हातातलं लाकूड चुलीत सारलं. मला वाटलं, चला, जमलं.

तिथून पुढचे दोन-अडीच महिने मी भीतीत काढले. मी शूर नव्हते. बा खोकला की मी हातातलं काम टाकून त्याच्याकडे बघायचे. बा उठताना भिंतीला हात लावी, तेव्हा मी धावत जाऊन त्याचा दुसरा हात धरायचे. घरचा बैल मारका होता, तो मी शेजारच्यांच्या गोठ्यात बांधायला लावला. बाच्या खाटेचा काठ टोचेल म्हणून त्याला चिंध्या गुंडाळल्या. बाला ते पाहून हसू आलं, माह्यासाठी पाळणा करून राह्यली काय, म्हणाला. मी रोज सकाळी त्याच्या तोंडाचा रंग पाहायचे. पिवळा असला की बरं वाटायचं. पिवळा म्हणजे अजून पांढरा नाही.

आणि मला मायच्या हातांची भीती वाटायची. हे लिहितानाही लाज वाटते. ज्या हातांनी मला न्हाऊमाखू घातलं, त्या हातांवर मी पाळत ठेवून होते. ती बाला पाणी द्यायला वाकली तरी मी पुढे होऊन तांब्या घ्यायचे. सकाळी कुणी बेंबी बसवायला आलं आणि मायने तेलाची वाटी काढली, की माझं लक्ष बाच्या खाटेकडे. बा खाटेवरून ते सगळं बघत असे. कुणाचा तांब्या पोटावर घट्ट बसला की त्याचे डोळे तिथेच राहात. चाळीस वर्षं त्याच्या प्रत्येक पोटदुखीला तोच हात होता.

माझी शाळा जानेफळला, पण तिथे माझा जीव नसे. आमच्या गावाकडून येणाऱ्या रस्त्यावर कुणी भरभर चालताना दिसलं की खडू हातातच राहायचा. फळ्यावर अर्धं वाक्य लिहून मी दाराकडे बघत उभी राहायचे. मुलं चिडीचूप व्हायची, त्यांना वाटायचं बाई रागावल्या.

उन्हाळा लागला, शाळा सकाळची झाली. आता मला उजाडताच घर सोडावं लागे, आणि बेंबी पाहायची वेळ तीच, सकाळची, उपाशीपोटी. मी रजा मागितली. हेडमास्तर म्हणाले, परीक्षा झाल्यावर घ्या. वडिलांना नुसती सूजच आहे ना, त्यांनी विचारलं. मी त्यांनाही तेच सांगितलेलं होतं.

ज्याची वाट पाहिली तो माणूस शेवटी भरभर चालत नाही, सायकलवर आला. शेजारचा चुलतभाऊ होता. तुह्या बाले घेरी आली, चाल, एवढंच बोलला. मी सायकलच्या मागे बसले. वाटभर मी त्याला काही विचारलं नाही. मला उत्तर ठाऊक होतं आणि ते ऐकायचं नव्हतं.

ओसरीवर बा उताणा पडला होता. सदरा वर केलेला. तोंड पांढरं, अगदी नव्या धुतल्या धोतरासारखं. कपाळाला हात लावला तर घाम मडक्याच्या बाहेरच्या ओलाव्याइतका गार. पोट फुगून ताठ झालेलं, त्यावर तेल चमकत होतं. बाजूला दोरा पडलेला, पिठाचा दिवा अजून लावलेला नव्हता. माय भिंतीला पाठ लावून बसली होती आणि तिने दोन्ही हात पदरात घेतले होते.

बाला शुद्ध होती. मला पाहून तो म्हणाला, "मीच म्हटलं होतं तिले. खांदा लय दुखते, बाई. हा उजवा."

खांदा. मला तो नागपूरचा कागद आठवला. मी खाटेचा चिंध्या गुंडाळलेला काठ धरला.

जानेफळच्या एका शेतकऱ्याची जीप होती, चुलतभाऊ पुन्हा सायकलवर धावला आणि ती घेऊन आला. मेहकरपर्यंत रस्ता तेव्हा खडीचा. मागे गादी टाकून बाला निजवलं आणि मी त्याच्या दोन्ही बाजूंना उशा दाबून धरल्या. प्रत्येक खड्ड्याला मला वाटे, आत आणखी उसवतंय. किती रक्त असतं माणसात? मी शाळेत शिकवत होते आणि तो आकडा मला त्या दिवशी आठवेना. बा पाणी मागत होता. द्यावं की नाही तेही मला माहीत नव्हतं. पदराचं टोक भिजवून त्याच्या ओठांना लावत राहिले. माय पुढच्या बाजूला बसली होती. सबंध रस्ताभर तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

मेहकरच्या डॉक्टरांनी बाच्या पोटात सुई घालून नळी ओढली. नळीत रक्त आलं, काळपट. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पोलक्यातून कागद काढून दिला, त्याच्या घड्या तोवर फाटायला आल्या होत्या. इथे रक्त चढवायची सोय नाही, ते म्हणाले, आणि अकोल्याला हलवलं तर वाटेतच जाईल. सलाइन लावतो, निपचित पडू द्या. कधीकधी आतलं रक्त आपोआप थांबतं.

ते थांबलं. बा तीन दिवस पापणीही जड असल्यासारखा पडून होता, चौथ्या दिवशी त्याने ताक मागितलं. मी डॉक्टरांना बाहेर गाठून विचारलं, हाताने दाबल्यामुळे फुटली का? त्यांनी विचार केला. दाबल्याने फुटू शकते, म्हणाले, खोकल्याने फुटू शकते, कूस बदलताना फुटू शकते, काहीच न करता फुटू शकते. आज कशाने फुटली ते कुणालाच सांगता येणार नाही. आणि पुन्हा फुटेल का? हो, ते म्हणाले, यावर बाकी त्यांनी विचार केला नाही.

दहाव्या दिवशी आम्ही बाला घरी आणलं. तेव्हापासून मायने बाला हात लावणं बंद केलं.

आधी माझ्या ध्यानात आलं नाही. जेवणाचं ताट ती खाटेपासून हातभर लांब ठेवायची आणि मला हाक मारायची. बाचं अंग मी पुसायचे, कपडे मी बदलायचे. पाण्याचा पेला बाच्या हातात द्यायची वेळ आली तर ती तो जमिनीवर ठेवी आणि पायाने जरा पुढे सारी. बेंबी बसवायला आलेल्यांना तिने दारातूनच परत पाठवलं, हात गेला म्हणून सांगितलं. तेलाची वाटी फडताळात सगळ्यात वर गेली. दिवसभर ती मागच्या दारी काहीतरी घासत बसे. राख आणि पाण्याने तिच्या बोटांची कातडी निघाली तरी घासणं थांबेना.

एके दुपारी बाने मला जवळ बोलावलं. 

"तुही माय माह्यावर रुसली काय?" त्याने विचारलं. "जवळ काऊन येत नाही?"

आता मला दुसरी भीती वाटायला लागली. बा जाणार, हे मी नागपूरच्या जिन्यावरच मनाशी बांधलं होतं. पण तो असा जाणार, बायको हातभर लांब उभी असताना? आणि ती उरलेला जन्म ते हात घेऊन काढणार, नवऱ्याला मारणारे हात म्हणून? दोन्ही माझ्यामुळे झालं होतं. मी खोटं बोलले होते ते सोडा, पण मी तिला कारण द्यायचं सोडून शिवी दिली होती.

सांगायचं ठरवल्यावरही मला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर माय मागच्या दारी परात घासत होती. मी तिच्यासमोर उकिडवी बसले आणि सगळं सांगितलं. कॅन्सर हा शब्द तिला माहीत नव्हता. मी म्हटलं, न सुटणारी गाठ. नागपूरच्या डॉक्टरांनी काय काय सांगितलं, पोटाला हात का लावायचा नाही, पांढरं तोंड, थंड घाम, खांदा, सगळं. मेहकरचे डॉक्टर काय म्हणाले तेही, की कशाने फुटली ते कुणालाच सांगता येणार नाही आणि ती पुन्हा फुटणार आहे.

मला वाटलं होतं ती हंबरडा फोडेल. ती परात घासत राहिली. मग थांबली.

"कवापासून माहीत हाय तुले?"

"नागपूरपासून."

तिने परात बाजूला ठेवली. "तू मले हात लावू नको म्हनली, तं मले वाटलं, शिकल्यावर पोरीले मायच्या हाताची लाज वाटून राह्यली. म्हनून त्यायनं म्हटल्यावर म्या लावला. काऊन लावू नको ते सांगतलं असतं, तं हे हात म्या बांधून ठेवले असते."

एवढंच. आवाज चढवला नाही. तिने चढवला असता तर मला बरं झालं असतं. मी रडायला लागले तर तिने माझ्याकडे लक्षही दिलं नाही. उठली, रांजणातलं पाणी घेऊन हात धुतले, पुन्हा धुतले, लुगड्याला पुसले आणि घरात गेली. मी तिच्या मागे.

बाला डोळा लागला होता. माय खाटेच्या उजव्या बाजूला बसली आणि मला विचारलं, खांद्याले चालते? मी हो म्हटलं. मानेले? हो. पायाले? हो. एकेक जागा तिने विचारून घेतली, नव्या सुनेने घरातले डबे विचारावेत तशी. मग तिने बाच्या खांद्यावर हात ठेवला. बाने डोळे न उघडता आपला हात त्यावर ठेवला.

त्यानंतर बा अकरा दिवस होता. माय त्याच्या खांद्यापासून उठली ती भाकरी टाकण्यापुरती. आम्ही दोघी आता एकाच गोष्टीची वाट पाहात होतो आणि एकमेकींना ते माहीत होतं. भीती कमी झाली असं मी म्हणणार नाही. उलट आता ती घरात उघडी बसलेली होती. बा खोकला की आम्ही एकमेकींकडे बघायचो. पण एकटीने बघणं आणि दोघींनी बघणं यात फरक असतो. बाने आजाराचं नाव कधीच विचारलं नाही. एकदा तो मायला म्हणाला, इंजिन फार दिवस चाललं. माय म्हणाली, हाव.

बाराव्या दिवशी, दुपारी, ऊन ओसरीच्या कडेला आलेलं असताना, बा म्हणाला, "जरा जोरानं दाब. खांदा लय धरला."

मायचा हात जागच्या जागी थांबला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. पिवळा रंग ओसरून खालून वर पांढरा चढत चालला होता, भिंतीवरचं ऊन सरकतं तसा. नागपूरपासून मी ज्याला भीत होते ते माझ्यासमोर चाललं होतं, आणि बाहेर एक थेंब दिसत नव्हता. मला पळून जावंसं वाटलं. खरंच, मी दाराकडे एक पाऊल टाकलंही होतं.

मग मी म्हटलं, "माय, सुरू झालं."

तिने मान हलवली आणि खांदा दाबायला लागली, त्याने सांगितला तेवढा जोराने. जीप बोलावू का, मी विचारलं. बाने नुसता हात हलवून नको म्हटलं. त्याचा घाम मी पुसत होते, तो पुन्हा येत होता. त्याने एकदा पाणी मागितलं, या वेळी आम्ही पोटभर दिलं. ऊन ओसरीवरून खाली गेलं तोवर सगळं आटोपलं होतं. माय त्यानंतरही बराच वेळ खांदा दाबत होती. मी तिचा हात काढून घेतला तेव्हा तिच्या लक्षात आलं.

वस्तीतल्या लोकांनी त्रिशरण म्हटलं, आम्ही मागे म्हटलं. बाच्या हातांना इंजिनच्या तेलाचा वास तेव्हाही होता, की मला तसं वाटलं, कुणास ठाऊक.

वर्ष-दीड वर्षाने वरच्या आळीतली एक म्हातारी मागच्या वाटेने आली आणि हटून बसली. पोट धरून ओसरीवर आडवीच झाली. माय बराच वेळ नाही नाही म्हणत होती. मग तिने फडताळातून वाटी काढायला सांगितली. दोरा घेतला, पण मापण्याआधी म्हातारीच्या जवळ बसून तिला एक प्रश्न विचारला. तेव्हापासून जो कुणी आला त्याला ती तो प्रश्न विचारायची, आणि बरोबर आलेल्या माणसाला बाजूला घेऊन पुन्हा विचारायची. उत्तर देताना कुणी चाचरला, की बेंबी राहिली बाजूला, त्याला मेहकरचा रस्ता दाखवायची. लोक हसायचे. तुह्या मायले वकिली सुचली, मला म्हणायचे.

पुढे माझं लग्न झालं, बदल्या झाल्या. सुलतानपूरला असताना माझं पोट दुखायला लागलं, उजव्या अंगाला. महिनाभर मी ते कुणाला बोलले नाही. रोज सकाळी आरशात तोंडाचा रंग पाहायचे. वर्गात शिकवताना नकळत उजवा खांदा चाचपायचे. नवऱ्याने दोनदा विचारलं, काही नाही म्हटलं. शेवटी सुटीत मायकडे आले आणि सकाळी, चहासुद्धा न घेता, ओसरीवर उताणी झाले. बा पडला होता तीच जागा. मायला आता दिसायला कमी होतं. तिने चाचपत दोरा हातात घेतला, माझ्याजवळ बसली, पण दोरा लावला नाही. दोन्ही हात माझ्या पोटावर वीतभर वर तसेच धरून राहिली.

"बाई," तिने तोच प्रश्न मलाही विचारला, "मायपासून काई लपवून तं नाही राह्यली?"